टिपरे नक्की कुणाचे?

"काल रात्री बऱ्याच उशिरापर्यंत जाग होती वाटतं, वहिनी?"

मी कुंपणावरून एवढंच विचारलं. भांडण उकरायचा विचार नव्हता. पावट्याच्या शेंगा सोलायला बसले होते, हात गुंतलेले आणि तोंड रिकामं. पलीकडे वहिनी चादर पिळत होत्या. आमच्या दोन घरांच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. त्यांची जास्वंद आमच्याकडे झुकते, आमचा कढीपत्ता त्यांच्याकडे. छाटत कुणीच नाही. बोलायला निमित्त राहतं.

"आवाज आला का तुमच्यापर्यंत? अगं बाई! टिपरे बघत होते. जुने भाग मोबाइलवर सापडतात आता. एक संपला की दुसरा आपोआप सुरू होतो मेला. ह्यांनी दोनदा दिवा घालवला, तरी माझं आपलं चालूच."

"म्हणजे आमच्या केदारची मालिका!" मी म्हटलं.

झालं. चादर अर्ध्या पिळ्यात थांबली.

"तुमच्या केदारची? अहो ताई, टिपरे प्रभावळकरांचे."

आता इथे थोडा खुलासा हवा. वहिनी मूळच्या दादरच्या. भाऊजी निवृत्त झाल्यावर वाईत घर बांधून राहिल्या, पण ढोल्या गणपतीला नमस्कार करतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे सिद्धिविनायकच असावा अशी मला शंका आहे. आणि माझं माहेर पसरणी. पसरणी म्हणजे शाहीर साबळ्यांचं गाव. केदार शिंदे हा शाहिरांच्या लेकीचा लेक. तेव्हा मुलीकडून का होईना, आमच्या गावचा नातू. 'श्रीयुत गंगाधर टिपरे'चं दिग्दर्शन त्याचं. मग 'आमचा' म्हटलं तर काय बिघडलं?

"दिग्दर्शन त्याचं, कबूल," वहिनी म्हणाल्या. चादर दोरीवर गेली, चिमटे लागले, आणि बाई पदर खोचून भिंतीपाशीच आल्या. म्हणजे आता अर्धा तास निश्चिंती. "पण माणसं कुणाची? 'अनुदिनी' कुणी लिहिली? प्रभावळकरांनी. आधी सदर, मग पुस्तक, मग मालिका. घरातली माणसं रोजनिशी लिहितायत, प्रत्येकाचा सूर वेगळा. आबांची तक्रार वेगळी, सुनेची वेगळी, कॉलेजातल्या पोराची तर तिसरीच. मालिका आली 2001 ला, तेव्हा ते घर कागदावर नांदत होतं. तुमच्या केदारने त्यात फक्त कॅमेरे नेले."

"'फक्त' म्हणे! नुसत्या कॅमेऱ्यांनी घर हलतं का?"

"ते राहू दे. मी प्रभावळकरांना कधीपासून बघतेय माहितेय? सात-आठ वर्षांची होते. मतकरींचं 'अलबत्या गलबत्या'. त्यातली चेटकीण बघून मी जी भोकाड पसरली! आईने सांगितलं, अगं तो काका आहे, आत शर्ट-पँट घातलेला. मग मी आणखी रडले. चेटकीण परवडली, पण चेटकिणीच्या पोटात काका म्हणजे काय!"

हे मी चौथ्यांदा ऐकत होते. दर वेळी रडण्याची लांबी वाढते.

"मग दूरदर्शनवर चिमणराव," वहिनी पुढे. "सत्त्याहत्तर साली. आमच्या अख्ख्या चाळीत एक टीव्ही, तोही काळा-पांढरा. मालक खोलीत बसायचे आणि आम्ही पोरं खिडकीच्या गजांना. चिं. वि. जोश्यांचा चिमणराव आणि बाळ कर्व्यांचा गुंड्याभाऊ. तो किडकिडीत, घाबरट माणूस बघून आमचे वडील म्हणायचे, हा आमच्या हापिसातल्या अमक्यासारखा दिसतो. शेजारचे म्हणायचे, छे, हा आमच्या भाऊजींसारखा. ज्याला त्याला आपल्या घरातला कुणीतरी दिसायचा. नोकरी सांभाळून नाटकं करायचे हो तेव्हा. विज्ञान शिकलेला माणूस! दिवसा काम आणि रात्री तोंडाला रंग."

आमच्याकडे तेव्हा टीव्ही कुठला? सत्त्याहत्तर साली आमच्या गावात करमणूक म्हणजे जत्रेतला तमाशा आणि रेडिओ. म्हणून चिमणरावांच्या बाबतीत मी गप्प बसते. पण गप्प बसणं आणि हार मानणं यात फरक आहे.

"बरं, मग आता माझं ऐका," मी शेंगांचं सूप बाजूला सारलं. "साबळ्यांची 'महाराष्ट्राची लोकधारा' तुम्ही बघितलीत?"

"रवींद्र नाट्यमंदिरात बघितली होती."

"आम्ही साताऱ्याला बघितली. उघड्या मैदानात. गोंधळ, भारूड, कोळीगीत, वासुदेव. श्वास घ्यायला उसंत नाही. एक संच आत गेला नाही तोवर दुसरा बाहेर. केदार त्यात नाचलेला मुलगा. भरत जाधव, अंकुश चौधरी, सगळी त्याच तालमीतली. मागच्या ओळीत एक सावळासा पोरगा होता, मला पक्कं आठवतं..."

"मागच्या ओळीत एकच सावळा पोरगा होता?"

"वहिनी, विषयाला फाटे फोडू नका. मुद्दा असा की त्या पोराला कळत होतं, प्रेक्षक कुठे कंटाळतो. मैदानात कंटाळलेला माणूस सरळ उठून भजी खायला जातो. आणि आजोबांची मुक्तनाट्यं? 'आंधळं दळतंय'मध्ये हसवता हसवता असा चिमटा काढायचे की घरी गेल्यावर वळ दिसायचा. हे बाळकडू घेतलेला मुलगा अठ्ठाविसाव्या वर्षी टिपऱ्यांच्या घरात शिरला. तिशीसुद्धा नाही! आणि समोर कोण? प्रभावळकर. राजन भिसे, जे स्वतः रंगभूमीचे नावाजलेले नेपथ्यकार. शुभांगी गोखले. एवढ्या मुरलेल्या मंडळींना 'थोडं जलद घ्या' म्हणायचं म्हणजे छातीच लागते."

वहिनींनी मान हलवली. पण ती शुभांगी गोखल्यांसाठी होती, माझ्यासाठी नव्हती. "श्यामला!" त्या म्हणाल्या. "अहो, ती बाई टीव्हीवर ओट्यापाशी उभी असली ना, की आमच्या सासूबाई मला म्हणायच्या, बघ, तीही दमते. तेवढी एक गोष्ट त्या मालिकेमुळे त्यांच्या लक्षात आली."

हे मात्र नवीन होतं. मी पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

त्या काळाबद्दल मी पण सांगते. अल्फा मराठी नवीन होतं तेव्हा. 'आभाळमाया' आलेली, सगळ्या बायका सुकन्याताईंच्या मागे. तिकडे हिंदीत 2000 पासून सासू-सुनांचं युद्ध पेटलेलं, भारी साड्या, एकाच चपराकीचे तीन-तीन आवाज. आणि त्यात हे टिपरे. आठवड्यातून एकदा यायचे, पाहुण्यासारखे. एक दिवाणखाना, एक सोफा, पाच माणसं. आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. कुणी कुणाच्या दुधात विष कालवत नाही, कुणाचा जुना नवरा परत येत नाही. गोष्ट काय, तर घरात एखादी नवी वस्तू आली, नाहीतर पाहुणा नको तेव्हा आला. आमच्याकडे ऐन वेळी वीज जायची. मग शेजारच्या गल्लीत, जिथे दुसऱ्या फेजवर दिवे असत, तिथे आम्ही अर्धं घर चपला हातात घेऊन पळायचो. पाच मिनिटं चुकायची, पण कळायला काही अडचण नाही. ही चांगल्या विनोदी मालिकेची खूण आहे, माझ्या मते. धागा तुटला तरी माणसं ओळखीची असतात.

"तेच सांगतेय मी!" वहिनी भिंतीवर थाप मारत म्हणाल्या. "माणसं ओळखीची कशी झाली? लिहिणाऱ्याने ओळखली होती म्हणून. 'हसवाफसवी' बघितलंत तुम्ही?"

"कॅसेटवर."

"मी नाट्यगृहात. दोनदा. स्वतः लिहिलेलं, आणि सहा भूमिका स्वतःच करायचे. एक बाई, एक परदेशी राजपुत्र, एक जख्खड म्हातारा गायक-नट... पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या शेजारची बाई शेवटपर्यंत विचारत होती, प्रभावळकर कधी येणार? आत जायचे आणि दुसराच माणूस बाहेर यायचा. आणि त्या म्हाताऱ्या नटाला बघून आधी हसू, मग घशात आवंढा. नुसतं दाढी-मिशा लावून होत नाही ते."

"नाही होत," मी कबूल केलं. बाई मनापासून बोलत असली की मी फार ताणत नाही.

"'नातीगोती' घ्या. दळवींचं. मतिमंद मुलाचा बाप. अतुल परचुरे तो मुलगा. आणि पुढे 'चौकट राजा'त काय, तर स्वतःच तसा मुलगा, नंदू. आधी बाप होऊन बघितलं, मग मुलगा होऊन. मला सांगा, असा माणूस घरातल्या पाच जणांच्या रोजनिश्या लिहायला बसला तर पाचही जण खरे वाटणार नाहीत तर काय?"

मी शेंग सोलायची थांबले. कारण मला एकदम काहीतरी सुचलं होतं, आणि ते दुर्दैवाने वहिनींच्या बाजूचं होतं. नाटकात सहा माणसं एकट्याने केली. टिपऱ्यांच्या घरात पाच माणसं लिहिली, आणि त्यातली चार वाटून टाकली. स्वतःकडे एकच म्हातारा ठेवला, तोही कोपऱ्यातल्या खुर्चीचा. केवढा मोह झाला असेल! पाचही आपण करून दाखवू शकतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याने बाकीच्यांची वाक्यं त्यांना म्हणू द्यायची. मी तर माझी पुरणपोळीसुद्धा सुनेला लाटू देत नाही.

हे मी मोठ्याने बोलले. बोलायला नको होतं. वहिनींचा चेहरा असा फुलला की जणू त्यांनाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

"पण थांबा," मी घाईने म्हटलं, "केदारचंही तेच! टिपरे चालू असतानाच, 2002 च्या पंधरा ऑगस्टला, 'सही रे सही' रंगमंचावर आलं. लेखन केदारचं, दिग्दर्शन केदारचं. त्यात भरत जाधव किती जणांची कामं करतो? चार! या दाराने मदन सुखात्मे गेला की त्या दाराने गलगले. लोक तिकिटं काढून पुन्हा पुन्हा जायचे, नुसतं कपडे बदलायला किती वेळ लागतो ते बघायला. म्हणजे टीव्हीवर एकाच माणसाच्या डोक्यातली माणसं पाच जणांत वाटतोय आणि नाटकात चार जणांना एकाच माणसात कोंबतोय. एकाच काळात! शिकला कुणाकडून?"

"प्रभावळकरांकडून."

"लोकधारेतून! तिथे पोरं दहा मिनिटांत कोळ्याचे वासुदेव व्हायची."

याचा निकाल लागणं शक्य नव्हतं, आणि तेवढ्यात आमच्या ओसरीवरून वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज आला. मामंजींचं वय अठ्ठ्याऐंशी. कानात यंत्र आहे, ते सोयीप्रमाणे चालतं.

"कोण ते, टिपरे का?" ते म्हणाले. "बरा होता तो म्हातारा. शहाणपण शिकवत नसे."

"तुम्हाला आवडायचे ना आबा?" वहिनी उत्साहाने.

"नातवाबरोबर त्याचं गूळपीठ होतं. मुलाशी नाही जमत, नातवाशी जमतं. हे लिहिणाऱ्याला कसं कळलं? म्हातारा असणार तोही."

"नाही हो, दादा," वहिनींना राहवलं नाही. "प्रभावळकर तेव्हा सत्तावन्नचे होते. जन्म चव्वेचाळीसचा."

मामंजींनी चष्मा काढला. मला वाटलं, कौतुक करतील.

"सत्तावन्न? पोरगा! म्हणजे आम्हाला फसवलं की त्याने. मी तेव्हा त्याच्याकडे बघून काठी घ्यायला लागलो."

हे खरं आहे. 2003 च्या दिवाळीत काठी आली होती. डॉक्टरांनी सांगितलेली नव्हती.

वहिनी हसून हसून भिंतीवर वाकल्या. डोळे पुसत म्हणाल्या, "तेच तर त्यांचं! तरुणपणी म्हातारे झाले, म्हातारपणी गांधी झाले. 'लगे रहो मुन्नाभाई'. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्याच माणसाने आधी 'झपाटलेला'त तात्या विंचू केलेला! माझा भाचा तात्या विंचूला इतका टरकायचा की घरातली बाहुली माळ्यावर टाकायला लावली. त्याला पुढे गांधी दाखवले आणि सांगितलं की हा तोच, तर म्हणतो, मावशी, थापा मारू नकोस."

"हा आता केवढा असेल?" मामंजींचा हिशोब अजून चालूच.

"ऐंशी पार. परवा परवा, 2025 मध्ये, 'दशावतार' आला ना त्यांचा. कोकणातला दशावतारी कलावंत केलाय. मुख्य भूमिका. त्या वयात!"

"हां," मामंजी समाधानाने म्हणाले, "आता वयात आला." आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

आता माझी बाजू पडती दिसत होती, म्हणून मी हुकमाचं पान काढलं. "आणि 2023 मध्ये केदारने काय केलं, आठवतंय का? एकाच वर्षात दोन सिनेमे. एप्रिलात 'महाराष्ट्र शाहीर'. शाहिरांचं जन्मशताब्दी वर्ष. आजोबांवर सिनेमा काढला, आजोबांच्या भूमिकेत अंकुश चौधरी आणि आजीच्या भूमिकेत स्वतःची मुलगी सना. म्हणजे पणतीने पणजी केली! आणि दोन महिन्यांत 'बाईपण भारी देवा'. तेव्हा कोण म्हणालं होतं, ताई, आपण सगळ्या जणी साताऱ्याला जाऊ म्हणून? दोन सुमो कुणी ठरवल्या? गॉगल कुणी लावला होता?"

वहिनींनी जास्वंदीचं एक पान उगाच खुडलं. गॉगल त्यांचा होता. वर नऊवारी, आणि तिच्यावर गॉगल.

"तो सिनेमा छान होता," त्या मानभावीपणे म्हणाल्या. "सहा बहिणी, मंगळागौर. रोहिणीताई, वंदनाताई, सुकन्याताई... कुणा एकीवर सगळा सिनेमा नाही. प्रत्येकीचं दुखणं वेगळं."

"अगदी टिपऱ्यांसारखं."

"अगदी..." वहिनी थांबल्या. "अय्या, हो की."

बघा, हे असं असतं. टिपऱ्यांच्या त्या दिवाणखान्यात पोरगा काय शिकला, ते बावीस वर्षांनी साताऱ्याच्या थिएटरात कळलं. प्रत्येकाला त्याचं रडगाणं पुरेसं गाऊ द्यायचं आणि कुणालाच खलनायक करायचं नाही. हे लिहिणाऱ्याकडून घेतलं असेल. पण मंगळागौरीच्या खेळात बायका नाचायला लागल्या की खुर्च्यांवरच्या बायका उठून नाचतात, ते नेमकं कधी करायचं, हे काही रोजनिशीत लिहिलेलं नसतं. ते मैदानावर शिकावं लागतं. आमच्या रांगेतल्या जोशीकाकू, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेल्या, त्यासुद्धा उभ्या राहिल्या होत्या. बसताना आम्ही तिघींनी धरलं.

"तरी पण," वहिनी म्हणाल्या. दादरची बाई शेवटचा शब्द दुसऱ्याला देत नाही. "अनुदिनीच नसती तर?"

"आणि चिं. वि. जोशी नसते तर?" आतून मामंजी. म्हणजे यंत्र चालू होतं. "चिमणराव आधी त्यांनी लिहिला. कळलं का? आणि चहाचं काय झालं?"

मी उठले. सुपातल्या शेंगा अर्ध्याच सोलून झाल्या होत्या, ऊन भिंतीवरून खाली आलं होतं. "वहिनी, पावट्याची उसळ करतेय, वाटी पाठवते."

"वाटी नको, डबा भरून पाठवा," वहिनी म्हणाल्या. "माझाच. 'बाईपण'ला जाताना चिवडा भरून दिला होता तो. निळ्या झाकणाचा. तीन वर्षं होतील."

मी काही बोलले नाही. निळ्या झाकणाच्या डब्यात आमची तूरडाळ आहे.